दोन बाटल्या, एक चाक आणि ऑल्बनीचं कोर्ट

अमेरिकेतल्या कोर्टांच्या बातम्या मराठी पेपरात वाचताना एक घोटाळा हमखास होतो. 'न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल' असं छापून आलं की आपल्याला वाटतं, संपलं, आता याच्या वर कोणी नाही. प्रत्यक्षात न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट म्हणजे जिथे मोठा खटला पहिल्यांदा उभा राहतो ते कोर्ट, म्हणजे साधारण आपल्या सेशन्स कोर्टासारखं. त्याच्या वर अपेलेट डिव्हिजन, आणि सगळ्यात वर कोर्ट ऑफ अपील्स. हे शेवटचं कोर्ट न्यूयॉर्क शहरात नाहीच. ते राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत आहे. सात न्यायाधीश, आणि बाहेरून बघितलं तर शांत, खांबांची, जुनी इमारत.

इथे प्रत्येक राज्याचं घर वेगळं आणि घराचे नियमही वेगळे. टेक्सासात वरची कोर्टं चक्क दोन आहेत, एक दिवाणीचं आणि एक फौजदारीचं. मेरीलँडमध्ये सर्वोच्च कोर्टाला कोर्ट ऑफ अपील्सच म्हणत, पण लोकांचा गोंधळ फार होतो म्हणून २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी नाव बदलून सुप्रीम कोर्ट करून टाकलं. न्यूयॉर्कवाले मात्र हट्टी. बहुतेक खून, मारामाऱ्या, अपघात, करार, वारसा, घटस्फोट हे सगळं त्या त्या राज्याच्या कोर्टांतच सुरू होतं आणि तिथेच संपतं. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाकडे जायचं तर देशाच्या घटनेचा किंवा केंद्राच्या कायद्याचा मुद्दा लागतो. निव्वळ राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, हे राज्याचं वरचं कोर्ट सांगेल तेच शेवटचं.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला निमित्त आहे. २५ एप्रिल २०२४ ला या ऑल्बनीच्या कोर्टाने हार्वी वाइनस्टीन या सिनेनिर्मात्याची २०२० मधली शिक्षा रद्द केली. चार विरुद्ध तीन. त्या आठवड्यात आमच्या घरच्या मंडळींचे फोन आणि मेसेज सुरू झाले. आमचे काका जिल्हा कोर्टात नाझर होते, त्यामुळे कोर्टाची बातमी म्हटली की ते अजून सरसावून बसतात. त्यांचा प्रश्न सरळ होता, "अरे, वरच्या कोर्टात सुटला म्हणजे निर्दोष ठरला ना?" आत्याचा प्रश्न त्याहून अवघड होता, "मग त्या बायकांनी साक्ष दिली ती फुकटच का?"

काकांच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा फोनवर देता आलं नाही. त्यासाठी १९०१ सालच्या एका निकालापाशी जावं लागतं, आणि तो नीट कळायचा तर आणखी मागे, १८५२ पर्यंत. मी वकील नाही, पण जुने निकाल वाचायचा नाद आहे. लेख लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी अपील म्हणजे काय ते

अपिलात साक्षीदार नसतात, ज्युरी नसते, पिंजरा नसतो. खाली जे घडलं त्याची टंकलिखित नोंद, दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं आणि वकिलांना बोलायला थोडा वेळ. 'हा माणूस खोटं बोलतोय का?' हा प्रश्न वरच्या कोर्टात सहसा कोणी विचारत नाही. ते काम ज्युरीचं. वरचं कोर्ट विचारतं, 'खाली खटला चालवताना नियम पाळला गेला का? नसेल, तर त्या चुकीने निकाल बिघडला असेल का?'

आपल्याकडे यात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे फौजदारीतल्या पहिल्या अपिलात हायकोर्ट पुरावा नव्याने तपासू शकतं, आणि आरोपी सुटला तरी सरकार वर जाऊ शकतं. नानावटी खटला आठवा. १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली. अमेरिकेत हे अशक्य. ज्युरीने एकदा 'निर्दोष' म्हटलं की विषय संपला, सरकारला अपील नाही. अपील करतो तो शिक्षा झालेला माणूस. त्यामुळे इथल्या फौजदारी अपिलांचे गाजलेले निकाल वाचायला घेतले की बहुतेक वेळा आपण एखाद्या दोषी ठरलेल्या, बऱ्याचदा नकोशा माणसाच्या बाजूचे युक्तिवाद वाचत असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली बाटली: १८५२

दिवाणी आधी घेतो, कारण ते सोपं आहे.

न्यूयॉर्क राज्यात कॅझेनोव्हिया नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या थॉमस नावाच्या गृहस्थांची बायको आजारी होती. डॉक्टरांनी डँडेलियनचा अर्क सांगितला. डँडेलियन म्हणजे इथे अंगणात उगवणारं साधं पिवळं रानफूल, त्याचा अर्क निरुपद्रवी. थॉमसने गावातल्या औषधवाल्याकडून अर्क आणला. पण ज्या बरणीतून तो दिला होता तिच्यावर डँडेलियन लिहिलेलं असलं तरी आत होता बेलाडोना, म्हणजे जहाल विष. बाईंचे हातपाय गार पडले, झटके आले, बुबुळं मोठी झाली, भ्रम झाला. जीव वाचला, पण थोडक्यात.

गावातल्या औषधवाल्याने ती बरणी न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. त्या व्यापाऱ्याने ती विंचेस्टर नावाच्या माणसाच्या कारखान्यातून घेतली होती. चुकीची चिठ्ठी लागली ती या कारखान्यात. थॉमस दांपत्याने विंचेस्टरवर दावा लावला.

विंचेस्टरचा बचाव त्या काळाला धरून होता. तो म्हणाला, माझा या बाईंशी संबंध काय? मी माल विकला व्यापाऱ्याला. करार त्याच्याशी. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांनी मला एक पैसा दिला नाही, त्यांना मी का म्हणून जबाबदार? हा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता. दहाच वर्षांपूर्वी, १८४२ मध्ये, इंग्लंडच्या कोर्टाने टपालाच्या घोडागाडीच्या एका प्रकरणात हेच म्हटलं होतं. गाडी मोडून गाडीवान जायबंदी झाला, पण गाडी पुरवणाऱ्याचा करार टपालखात्याशी होता, गाडीवानाशी नाही. दावा फेटाळला.

ऑल्बनीच्या कोर्टाने विंचेस्टरचं म्हणणं फेटाळलं. मुख्य न्यायाधीश रगल्स यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: घोडागाडी वेगळी, विष वेगळं. विषावर औषधाची चिठ्ठी लावली तर कोणाच्या तरी जिवावर बेतणार हे उघडच आहे. आणि ते व्यापाऱ्याच्या जिवावर नाही बेतणार. व्यापारी थोडाच ते पिणार आहे! बेतणार ते शेवटी पिणाऱ्याच्या जिवावर. म्हणून जबाबदारी चिठ्ठी लावणाऱ्याची, मधे कितीही हात असोत. ज्युरीने दिलेली ८०० डॉलरची भरपाई कायम झाली.

मला यातली सावध चाल आवडते. कोर्टाने 'सगळ्या वस्तूंच्या सगळ्या उत्पादकांची जबाबदारी' असं काही म्हटलं नाही. उलट गाडीचं उदाहरण घेऊन स्पष्ट सांगितलं की गाडी बनवणारा असा जबाबदार नाही. समोर विष होतं, विषापुरतं बोलले. दार किलकिलं केलं आणि थांबले.

चाक: १९१६

चौसष्ट वर्षांनी त्याच कोर्टापुढे गाडीच आली! घोड्याची नाही, मोटार. मॅकफर्सन नावाच्या दगडी कामाच्या कारागिराने ब्यूक कंपनीची गाडी एका विक्रेत्याकडून घेतली. १९११ च्या उन्हाळ्यात तो एका आजारी शेजाऱ्याला साराटोगा स्प्रिंग्जच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. वाटेत मागच्या चाकाच्या लाकडी आऱ्या मोडल्या, गाडी कलंडली, मॅकफर्सन जखमी झाला. चाक ब्यूकने बनवलं नव्हतं, दुसऱ्या कारखान्यातून आणून बसवलं होतं. पण बसवण्यापूर्वी तपासलं असतं तर लाकूड कच्चं आहे हे कळलं असतं, असा पुरावा आला.

ब्यूकचा बचाव ओळखीचा: आमचा करार विक्रेत्याशी. शिवाय त्यांच्या बाजूने खुद्द १८५२ चा निकाल होता, ज्यात गाडीवाला जबाबदार नाही असं लिहिलं होतं.

निकाल लिहिला बेंजामिन कार्डोझो यांनी, १४ मार्च १९१६ ला. त्यांनी जुना निकाल मोडला नाही, त्याचा गाभा वर काढला. विष महत्त्वाचं नव्हतं, महत्त्वाचा होता धोका. निष्काळजीपणे बनवली तर माणसाचा जीव जाऊ शकतो अशी कोणतीही वस्तू, आणि ती विकत घेणाऱ्याखेरीज दुसरा कोणी तपासल्याशिवाय वापरणार हे बनवणाऱ्याला माहीत असेल, तर काळजी घेण्याचं कर्तव्य त्याच्यावर आहेच. घोडागाडीच्या काळातले दाखले मोटारीच्या काळाला पुरे पडत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. एका न्यायाधीशांनी विरोधात मत लिहिलं, आणि जुन्या दाखल्यांच्या हिशेबाने पाहिलं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

पुढे १९३२ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने स्कॉटलंडमधल्या एका शीतपेयाच्या बाटलीचा (त्यात गोगलगाय निघाल्याचा) निकाल दिला, तेव्हा ऑल्बनीच्या या दोन्ही निकालांचा आधार घेतला. त्या लंडनच्या निकालावरून तो विचार भारतातही आला. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष वस्तूच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरणच आहे. आज मिक्सरचं भांडं फुटून हाताला लागलं तर आपण दुकानदाराबरोबर कंपनीलाही धरतो, आणि ते आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की एके काळी असं नव्हतं हेच विसरायला होतं.

दुसरी बाटली: १८९८

आता फौजदारी.

न्यूयॉर्क शहरात निकरबॉकर अ‍ॅथलेटिक क्लब होता. हॅरी कॉर्निश हा तिथला व्यायामप्रमुख. रोलंड मॉलिन्यू हा सभासद, रसायनतज्ज्ञ, रंगाच्या कारखान्यातला अधिकारी, सिंगल बारवरचा नावाजलेला खेळाडू, आणि यादवी युद्धात लढलेल्या एका जनरलचा मुलगा. दोघांचं क्लबात जोरदार वाजलं. कॉर्निशला काढा, अशी मॉलिन्यूची मागणी होती. क्लबाने ऐकलं नाही, मॉलिन्यूने राजीनामा दिला.

१८९८ च्या नाताळात कॉर्निशला टपालाने एक निनावी पार्सल आलं. आत चांदीचा एक छोटा स्टँड आणि ब्रोमो-सेल्टझर या डोकेदुखीच्या लोकप्रिय औषधाची बाटली. कोणीतरी गंमत केली असेल (नाताळात जास्त होते ना!) असं समजून त्याने ती घरी नेली. तो नात्यातल्या कॅथरीन अ‍ॅडम्स या बाईंच्या घरी राहत असे. २८ डिसेंबरला सकाळी त्यांचं डोकं दुखत होतं. कॉर्निशने बाटलीतली पूड पाण्यात घालून दिली. चव कडवट लागली म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात गेल्या. कॉर्निशने एक घोट घेतला होता, तो आजारी पडला पण वाचला. पुडीत होतं पाऱ्याचं सायनाइड.

चौकशीत आणखी एक मृत्यू पुढे आला. त्याच क्लबाचा सभासद हेन्री बार्नेट नोव्हेंबरात वारला होता. त्यालाही टपालाने औषधाची पूड आली होती. तेव्हा मृत्यू आजारपणाचा समजला गेला, पण नंतर प्रेत उकरून तपासलं तर तेच विष. बार्नेट आणि मॉलिन्यू एकाच तरुणीच्या मागे होते, आणि बार्नेट गेल्यावर त्याच महिन्यात मॉलिन्यूचं तिच्याशी लग्न झालं. शिवाय कोणीतरी कॉर्निश आणि बार्नेट यांच्या नावांनी भाड्याच्या टपालपेट्या घेऊन औषधं मागवली होती.

आता तुम्ही ज्युरीत बसला आहात असं समजा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असं एकदा म्हणता येईल. दोनदा?

खटला जवळजवळ तीन महिने चालला. कॅथरीन अ‍ॅडम्सच्या खुनाचा आरोप, पण बार्नेटच्या मृत्यूचा पुरावा भरपूर आला. अक्षरतज्ज्ञांची रांग लागली. फेब्रुवारी १९०० मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. विजेच्या खुर्चीची शिक्षा, मुक्काम सिंग सिंग तुरुंगातल्या मृत्युकोठडीत.

१५ ऑक्टोबर १९०१ ला ऑल्बनीच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि नव्याने खटला चालवायला सांगितलं. कारणांबाबत न्यायाधीशांत मतभेद होते, पण न्यायाधीश वर्नर यांनी लिहिलेलं मत पुढे नियम बनून राहिलं. तो नियम आजही त्या राज्यात मॉलिन्यूच्याच नावाने ओळखला जातो. (खुनाच्या आरोपीचं नाव कायद्याच्या नियमाला. नशीब एकेकाचं!)

नियम असा. एका गुन्ह्याचा खटला चालू असताना आरोपीच्या दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा आणता येत नाही, जर त्याचा उपयोग 'हा माणूसच असला' एवढं सांगण्यापुरता असेल. आणता येतो तो काही ठरावीक गोष्टी सिद्ध करण्यासाठी: हेतू, इरादा, चूक किंवा अपघात नव्हता हे, एकाच योजनेचा भाग होता हे, किंवा करणारा हाच होता हे. बार्नेटचा पुरावा यातल्या कशातच बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. बार्नेटच्या मागे असलाच तर हेतू प्रेमातल्या चढाओढीचा, कॉर्निशच्या मागे क्लबातल्या भांडणाचा. एका योजनेची ही दोन टोकं नव्हेत. आणि बार्नेटला मॉलिन्यूने मारलं हेच मुळात कुठे सिद्ध झालं होतं? एक न सिद्ध झालेली गोष्ट दुसरीला टेकू म्हणून दिली, आणि ज्युरीला दोन्ही उभ्या दिसल्या.

हा विचार आपल्याला परका नाही. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिला. त्याच्या कलम ५४ मध्ये हेच होतं: आरोपीने आपणहून चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला नाही तर त्याचं वाईट चारित्र्य गैरलागू. आणि कलम १५ मध्ये अपवाद. त्यातलं उदाहरण मला फार आवडतं. एका माणसावर विम्याच्या पैशासाठी घर जाळल्याचा आरोप आहे. तो एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येकाला आग लागली, दर वेळी वेगळ्या कंपनीकडून पैसे घेतले. आग अपघाताने लागली नाही हे दाखवायला या आधीच्या आगी चालतात. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही तत्त्वं त्यातही तशीच आहेत.

मॉलिन्यूचं पुढे काय झालं? नोव्हेंबर १९०२ मध्ये दुसऱ्या ज्युरीने काही मिनिटांत त्याला निर्दोष सोडलं. मृत्युकोठडीच्या अनुभवावर त्याने पुस्तक लिहिलं, १९१३ मध्ये त्याचं एक नाटकही ब्रॉडवेवर आलं. शेवटी मन ढळलं आणि १९१७ मध्ये मनोरुग्णालयात गेला. कॅथरीन अ‍ॅडम्सच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. कधीच नाही.

पुन्हा २०२४

आता वाइनस्टीनचा निकाल एका परिच्छेदात सांगता येईल. २०२० च्या खटल्यात दोन स्त्रियांवरच्या अत्याचाराबद्दल त्याला शिक्षा झाली, २३ वर्षं. पण खटल्यात आणखी तीन स्त्रियांच्या साक्षी झाल्या, आणि त्यांच्या बाबतीतल्या कृत्यांचा आरोप त्या खटल्यात नव्हताच. मधल्या कोर्टाने २०२२ मध्ये शिक्षा कायम ठेवली. ऑल्बनीत चार न्यायाधीश म्हणाले, या तीन साक्षींतून 'हा असाच आहे' याखेरीज काही सिद्ध होत नव्हतं, म्हणजे मॉलिन्यूचा नियम मोडला. शिवाय आरोपी साक्षीला उभा राहिला तर त्याची इतर सगळी वाईट वागणूक उकरून काढायची मोकळीक दिली होती, तीही चूक. शिक्षा रद्द, नवा खटला.

तीन न्यायाधीशांनी तितक्याच जोराने विरोधी मत दिलं. त्यांचं म्हणणं वाचताना मला आत्याचाच आवाज ऐकू येत होता. बंद दाराआड घडणाऱ्या गुन्ह्यात 'तिची संमती होती' एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. अशा वेळी तिची संमती नाही हे त्याला कळत होतं का, हे ठरवायला त्याच माणसाने इतरांशी तेच केलं होतं ही गोष्ट कामाची नाही तर कोणती कामाची? हा युक्तिवाद हवेतला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांमध्ये १९९० च्या दशकापासून लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत असा पुरावा घेता येतो, कॅलिफोर्नियातही येतो. न्यूयॉर्कने तसा कायदा केलेला नव्हता, म्हणून १९०१ चाच नियम लागू.

काकांसाठी: तो घरी गेला नाही. लॉस एंजेलिसच्या वेगळ्या खटल्यातली १६ वर्षांची शिक्षा होतीच. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या नव्या ज्युरीने त्याला एका आरोपात दोषी धरलं, एकात निर्दोष, आणि एका आरोपावर निकालच लागू शकला नाही. म्हणजे 'रद्द' याचा अर्थ 'निर्दोष' नव्हता, 'पुन्हा, आणि या वेळी नियमाने' असा होता.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो. मला चार जणांचं म्हणणं पटतं की तिघांचं? नियम म्हणून मला मॉलिन्यूचा नियम योग्यच वाटतो. आपल्या गावागावांत पोलीस चोरी झाली की आधी कोणाला उचलतात ते आपल्याला माहीत आहे. एके काळी इंग्रजांनी आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तो कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी तो शिक्का त्या लोकांच्या कपाळावरून गेलेला नाही. 'हा असलाच' हे वाक्य वाइनस्टीनसारख्या माणसाविरुद्ध क्वचित वापरलं जातं, आणि ज्याच्याकडे वकील नाही त्याच्याविरुद्ध रोज.

पण मग ही किंमत कोणी दिली ते तरी नीट बघायला हवं. दिवाणीत नियम पुढे सरकला तेव्हा त्याची किंमत विंचेस्टरने आणि ब्यूकने दिली, पैशात. ज्याची चूक त्यानेच भरली. फौजदारीत नियम राखला गेला तेव्हा किंमत ना सरकारी वकिलाने दिली, ना ज्या न्यायाधीशाने चुकीचा पुरावा येऊ दिला त्याने. ती दिली २०२५ मध्ये पुन्हा पिंजऱ्यात उभं राहून तेच सगळं नव्याने सांगणाऱ्या त्या दोघींनी. चूक दुसऱ्याची, भरपाई यांच्याकडून. आत्याला माझं उत्तर हे आहे: साक्ष फुकट गेली नाही, पण त्यांना ती दोनदा द्यावी लागली, आणि तसं होऊ नये याची काळजी घ्यायची जागा ऑल्बनी नव्हे. ती जागा खालचं कोर्ट, जिथे सरकारी वकिलाला केस जास्तीत जास्त भक्कम करायचा मोह होतो आणि न्यायाधीशाला 'राहू दे, ऐकू या' म्हणायचा. वरच्या कोर्टाने दाखवलेला कडकपणा खालच्या कोर्टाने पहिल्याच दिवशी दाखवला असता तर आम्हाला बातमीच दिसली नसती.

जाता जाता एक गोष्ट. निकालांची नावं बघा. फौजदारी खटल्याचं नाव 'जनता विरुद्ध मॉलिन्यू'. कॅथरीन अ‍ॅडम्स त्यात नाहीत, कारण खटला सरकारचा असतो. १८५२ च्या दिवाणी निकालाचं नाव 'थॉमस आणि पत्नी विरुद्ध विंचेस्टर'. विष प्यायल्या त्या बाई, आणि नावात त्या फक्त 'आणि पत्नी'. त्यांचं नाव होतं मेरी. मेरी थॉमस आणि कॅथरीन अ‍ॅडम्स, दोघींनीही कोणीतरी हातात दिलेलं औषध विश्वासाने घेतलं होतं. एकीच्या निकालाने पुढच्या सगळ्यांच्या औषधाच्या बाटल्या जास्त सुरक्षित केल्या, दुसरीच्या निकालाने पुढच्या सगळ्या आरोपींचे खटले. दुसरीच्या वाट्याला स्वतःला मात्र काहीच आलं नाही.